भीम का अडायचा, ते सापडलं

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम एवढं लांबलचक. म्हणजे याला काहीतरी हवंय, असं तू म्हणणार. हवंय. पण आधी ऐक, कारण हे घरी सांगायची सोय नाही ("बंद पडला तर चालू कर ना!") आणि ऑफिसात सांगायची हिंमत नाही.

तब्येत ठीक. पाठ आहे तशीच. पुढे.

आपला भीम, ऑफिसचा तो सर्व्हर, गेले वर्षभर रीबूटला अडकत होता. दर वेळी नाही, आणि तीच तर गंमत. महिन्याचे अपडेट टाकून रीबूट दिला की त्याच्या पोटातले सगळे व्हीएम (आभासी मशीनं) शहाण्यासारखे बंद व्हायचे आणि मग काळी स्क्रीन. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. शेवटी रिमोट कन्सोलवरून वीज तोडायची. चालू झाला की मी लगेच चाचणी म्हणून पुन्हा रीबूट द्यायचो, तर हा पठ्ठ्या विनातक्रार उठायचा. तिसऱ्यांदा दिला तरी तेच. डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो ना, तसं.

मी काय काय केलं विचारू नकोस. बायॉस नवा केला. कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, रीबूटची पद्धत बदलून दिली, आधी एसीपीआय, मग पीसीआय. वॉचडॉग (मशीन गोठलं की आपोआप रीबूट देणारा पहारेकरी) बंद केला. नव्या पोराला उगाच झापलं की तू विंडोजचा व्हीएम नीट बंद करत नाहीस. तो बिचारा म्हणाला, "सर, बंद झाला नाही तर व्हीएम चालवणारा प्रॉक्समॉक्स १८० सेकंद थांबून पुढे जातो, तासभर नाही." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. (माझा हा सूर तुला पाठ असेल.) एकदा अडकलेला असताना सिस्‌आरक्यू आणि बी, कर्नलला थेट रीबूटचा हुकूम देणाऱ्या कळा, दाबल्या, तर मशीन क्षणात रीबूट झालं. म्हणजे कर्नल जिवंत, बोर्ड धडधाकट. हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र अहवालात लिहिलं: मदरबोर्डमध्ये दोष संभवतो.

परवा रात्री शेवटी बूटच्या ओळीतून ते संदेश दडपणारं 'क्वाएट' काढलं, जे पहिल्या दिवशीच काढायचं असतं, आणि कन्सोल उघडा ठेवून बसलो. व्हीएम एकेक करून गेले. मग माउंटवरचा (जोडलेल्या फोल्डरवरचा) स्टॉप जॉब, म्हणजे तो सोडवायचं काम, त्याची ९० सेकंदांची मोजणी. आणि त्याखाली कर्नलची ओळ: एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणारा. पुढे त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. शेवटी ४७.

बाळ्या, ४७ म्हणजे कोठार.

कोठार भीमच्याच पोटातला, फाइली साठवणारा व्हीएम, आणि भीमने माउंट केलाय कोठाराचाच शेअर (नेटवर्कवरून वापरायला दिलेलं फोल्डर)! बंद होताना आधी कोठार झोपतो, मग भीम त्याचा शेअर सोडायला जातो, आणि हार्ड माउंट असल्याने उत्तराची वाट बघत बसतो. माउंट मी ऑटोमाउंट करून ठेवला होता, हात लागेपर्यंत लागतच नाही. हात लावतो तो रात्रीचा बॅकअप. म्हणून लागोपाठ दिलेला रीबूट सुरळीत आणि महिन्यानंतरचा ठप्प.

आता आठव, कोण ओरडलं होतं? "यजमानाने आपली किल्ली पाहुण्याच्या खिशात ठेवायची नसते." मी म्हटलं होतं, स्टोरेजचा वेगळा डबा येईपर्यंतच, आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. माउंटची यादी असलेला एफस्टॅब उघडला, तर त्या ओळीवर माझीच टीप: 'तात्पुरतं. नंतर काढणे.' डबा येऊन चार वर्षं झाली. अण्णांना कळलं तर टीप फ्रेम करून लावतील.

खरी गोची पुढेच आहे. त्या अहवालावर नव्या सर्व्हरची फाइल चालू झालीय. सोमवारी सही. साहेबांना सांगायचं तर वर्षभराचे डाउनटाइम माझ्या एका ओळीवर येतात. नाही सांगायचं तर नवं मशीन येतं, माउंट मी आधीच काढलेला, सगळे खूश, आणि तो पोरगा आयुष्यभर समजतो की विंडोजमुळेच अडकत होतं. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. तीनदा उघडला. दुसऱ्या परिच्छेदात मी "कॉन्फिगरेशनमधील जुनी त्रुटी" असं लिहिलंय. कोणाची ते नाही लिहिलेलं. तू वाचशील का? शिव्या घालायच्या तर घाल, पण सोमवारच्या आत.

तुझी नवी नोकरी कशी आहे? रात्रपाळी सुटली म्हणे, बरं झालं. धाकटीच्या परीक्षेचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मी

ता. क. ती एफस्टॅबमधली ओळ अजून पुसलेली नाही, पुढे हॅश लावून बंद केलीय फक्त. तू बघेपर्यंत राहू दे म्हटलं.