जयपूर सहल: कॅमेऱ्यासंबंधी सूचना

सर्व सदस्यांनी निघण्यापूर्वी वाचावे.

हवामहलचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख आहे. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पावणेसातला सिरेदेवडी बाजारात हजर राहा. दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो आणि 953 खिडक्यांचा उठाव हरवतो. तेव्हा कितीही फोटो काढले तरी भिंत सपाटच दिसते.

रस्त्यावरून कॅमेरा वर रोखला की इमारत मागे कलंडल्यासारखी येते. समोरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरून कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ धरून फोटो घ्या, रेषा उभ्या राहतील. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, गेरूचा रंग फिका पडतो. 5200 केल्विन ठेवा. उन्हात पांढरी चुन्याची नक्षी जळते, म्हणजे अति उजळून तिचे बारकावे पुसले जातात, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे 2/3 ठेवा. ही नक्षी एकदा जळली की नंतर संगणकावर परत आणता येत नाही.

जंतरमंतरला सम्राट यंत्राची (भव्य सूर्यघड्याळाची) सावली सेकंदाला साधारण 1 मिलिमीटर सरकते. मोजपट्टीवरची तिची कड जवळून टिपा, एक मिनिटाने पुन्हा टिपा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की सुमारे 6 सेंटिमीटरचा फरक दिसतो.

आमेरच्या शीशमहालात फ्लॅश बंद, नाहीतर प्रत्येक आरशात पांढरा ठिपका उमटतो. त्याऐवजी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 1600 पर्यंत वाढवा. ट्रायपॉडची परवानगी तिकीट खिडकीवर आधी विचारा. नाहरगडावर संध्याकाळी कॅमेरा कठड्यावर टेकवून 2 सेकंदांचा टायमर लावा, पट्टा मात्र मनगटात असू द्या.

दोन भरलेल्या बॅटऱ्या आणि रिकामे कार्ड आणावे.