आधी नावांची यादी, मग रणगाडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

युद्धस्मारकाचे उद्यान उभे राहिले की बातमीत रणगाडा येतो, ध्वजस्तंभाची उंची येते, कारंजे येते. भिंतीवर नावे किती, ती कुणी आणि कशावरून तपासली, हे क्वचितच छापून येते. माझी उभी नोकरी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात कारकुनीत गेली. भरतीच्या वेळी उघडलेला शीट रोल (जवानाच्या सेवेचा नोंदपट), बदल्या, बढत्या आणि जो परतला नाही त्याच्या नावाने निघालेली शेवटची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा हुकूम), हे सगळे आमच्या टेबलावरून जायचे. त्यामुळे स्मारकात शिरलो की माझे पाय आधी नावांच्या भिंतीकडे वळतात, आणि बहुतेक वेळा तिथेच डोके फिरते.

कारण सांगतो. पलटणीत एकाच नावाचे तीन-चार शिंदे किंवा जाधव असणे नेहमीचे. हजेरीला त्यांना नंबराच्या शेवटच्या आकड्यांवरून हाक मारतात. आता भिंतीवर नुसते ‘जाधव बी. एस.’ कोरले तर कोणता जाधव? नंबर नाही, पलटण नाही, तारीख नाही. नातू शोधत आला तर त्याने काय ओळखायचे? सेवा क्रमांक, हुद्दा, वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, एवढे भिंतीवर हवेच. त्यापायी शोभेला जागा कमी पडली तर पडू द्या.

नावे कोणत्या क्रमाने लावायची, यावर तर समित्यांच्या बैठकीत पाच मिनिटेही जात नसावीत. व्हिएतनाम युद्धात पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकाचा आराखडा माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीने केला. आराखड्यासाठी घेतलेल्या १९८१ च्या स्पर्धेला १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या. स्मारक १९८२ मध्ये झाले. दगड काळा ग्रॅनाइट, तोही आपल्या बंगळुरूकडचा. त्यावर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत आणि ती आडनावांच्या अकारविल्ह्याने लावलेली नाहीत. ज्या दिवशी घात झाला त्या तारखेप्रमाणे लावली आहेत. कारकुनाला हे गैरसोयीचे वाटेल. पण एका चकमकीत पडलेले सोबती त्यामुळे भिंतीवरही शेजारी राहतात, आणि नाव हुडकायला जवळच अकारविल्हे सूची ठेवलेली असते.

त्या भिंतीवरच्या खुणा मला त्याहून आवडतात. नावाशेजारी पत्त्यांतल्या चौकटची खूण म्हणजे मृत्यू निश्चित, फुली म्हणजे बेपत्ता. अवशेष सापडून ओळख पटली की फुलीवरच चौकट कोरतात. बेपत्ता माणूस जिवंत परतला तर फुलीभोवती वर्तुळ काढायचे, अशीही तरतूद आहे. त्या वर्तुळाची वेळ काही अजून आलेली नाही. दगडावरची नोंदसुद्धा अद्ययावत ठेवायची असते, हे ज्याला सुचले त्याला आमच्या ऑफिसात मी मुलाखतीशिवाय घेतले असते.

नावाच्या जागी आकडा कोरला की काय होते, ते इराकमधल्या बसऱ्यात पाहावे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरींसाठी एक आयोग स्थापन झाला. आजचे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ते हेच. साहेब असो की शिपाई, दगड एकाच मापाचा, असे तत्त्व त्यांनी ठरवले. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत गेलेल्यांनी त्या एकसारख्या रांगा पाहिल्याच असतील. पण बसऱ्यातल्या स्मारकावर, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडलेल्या आणि कबर न मिळालेल्या ४० हजारांहून अधिक जणांची नोंद करताना हे तत्त्व कुठे गेले कोण जाणे. तिथे मेलेल्यांत बहुसंख्य हिंदी, म्हणजे भारतीय. अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने हे कबूल केले: आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांचे तर नावानिशी झालेच नाही.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्याकडच्या जुन्या गावांतल्या संगमरवरी पाट्या आठवा. कुठे चावडीच्या, कुठे शाळेच्या भिंतीत बसवलेल्या. ‘या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.’ इतके गेले, इतके मेले, झाले. गावाला तेव्हा प्रत्येकाचे नाव, घर, वाटणी, सगळे माहीत होते. पाटी लावणाऱ्या सरकारला विचारावेसे वाटले नाही. आज त्या गावांत विचारले तर आकडा पाटीवर आहे आणि माणसे कुणाला सांगता येत नाहीत. आणि आता आपण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वर्गणीतून स्मारक उभारतो तेव्हा ‘सर्व वीर जवानांना अभिवादन’ एवढे एक वाक्य कोरून मोकळे होतो! मग त्या गोऱ्या सरकारला नावे ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात (उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९) हे काम नीट केले आहे, असे माझे मत. जवळजवळ ४० एकरांत एकाभोवती एक अशी चार वर्तुळे आहेत. मध्यभागी अमर चक्रात साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि ज्योत, त्याभोवती वीरता चक्रातली कांस्यशिल्पे, मग त्याग चक्र, आणि सर्वात बाहेर झाडांचे रक्षक चक्र. कॅमेरे स्तंभाकडे वळतात. पण खरी करामत त्याग चक्रात आहे: प्रत्येकाच्या नावाची ग्रॅनाइटची वेगळी पाटी. सुरुवातीलाच २५ हजारांहून अधिक पाट्या होत्या. पाटी सुटी असल्याचा फायदा असा की नवे नाव घालायला किंवा चुकलेले अक्षर सुधारायला अख्खी शिळा उतरवावी लागत नाही. इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, पण कमानीच्या वरच्या भागातली खाली उभे राहून वाचून दाखवा.

लहान गावच्या समितीला ४० एकर लागत नाहीत. सर्वात वरची ओळ उभ्या माणसाच्या नजरेच्या वर जाऊ नये, सर्वात खालची चाकाच्या खुर्चीत बसलेल्याला दिसावी. अक्षर खोल कोरावे. नुसत्या सोनेरी रंगावर भिस्त ठेवली की दोन-चार पावसाळ्यांत काना-मात्रा गळतात आणि मग नावाचे काय होते ते सांगायला नको. भिंतीच्या पायाशी बुटकी झाडे लावावीत, म्हणजे पावसात चिखल उडून अक्षरांवर बसत नाही. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचे माळी मुद्दाम हे करतात. भिंतीसमोर सावलीत बाक हवा. म्हातारी माणसे तिथे वेळ काढतात, त्यांना उन्हात उभे ठेवू नये.

रणगाड्याला माझा विरोध नाही. पोरे त्यावर चढतात, चढू देत. निदान त्या निमित्ताने येतात तरी. मात्र तो कोणत्या जातीचा, कोणत्या लढाईतला, याची खरी पाटी लावावी. आणि लेझर शोचा खर्च कुणी सुचवलाच तर आधी यादीचे काम पुरे झाले का, एवढे विचारावे.

यादीत कोण घ्यायचा, हा वादाचा मुद्दा, म्हणून बहुतेक समित्या तो टाळतात. गोळीने पडलेला आलाच. पण हिमकड्याखाली गेलेला? सरावात, गाडीच्या अपघातात, आजाराने सेवेत असताना गेलेला? वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा पहिल्या महायुद्धाचा नियम सोपा आहे: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना मृत्यू आला, मग कारण कोणतेही असो, त्याची नोंद होणार. आपला नियम तसाच असावा असे मी म्हणत नाही. मला तो तसा असलेला आवडेल, पण निर्णय गावाचा. फक्त नियम आधी ठरवावा, लिहावा आणि प्रवेशद्वाराशी लावावा. नाहीतर ज्याचा वशिला त्याचे नाव, हे स्मारकातही घडते. आईला ‘तुमच्या मुलाचे नाव बसत नाही’ असे सांगायचेच असेल तर निदान नियमावर बोट ठेवून सांगता यावे.

कच्ची यादी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसशी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी ताडून घ्यावी. घरच्यांनाही दाखवावी, कारण शीट रोलवरचे नाव आणि घरातले नाव यांत फरक निघतोच. भरतीच्या गडबडीत आडनावाचे स्पेलिंग बदललेले मी असंख्य पाहिले आहेत. मग मतदार यादीसारखी ती महिनाभर चावडीवर लावून हरकती मागवाव्यात. दगडाला हात त्यानंतर.

कंत्राटदाराशी करार करतानाच पुढच्या पाट्यांचा दगड त्याच खाणीतला आणि त्याच मापाचा मिळेल, हे लिहून घ्यावे. नंतर नवा दगड वेगळ्या रंगाचा निघतो आणि नंतर गेलेला जवान भिंतीवर उपरा दिसतो. समितीतली माणसे थकतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. म्हणून पक्क्या यादीची एक प्रत, कोणते नाव कोणत्या कागदावरून घेतले या शेऱ्यासह, सैनिक कल्याण कार्यालयात आणि दुसरी गावच्या वाचनालयात ठेवावी. चूक दाखवणारा अर्ज कुणाकडे द्यायचा, त्या पदाचे नाव (माणसाचे नव्हे, माणसे बदलतात) भिंतीशेजारीच लिहावे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (कारकून)