परदेशातल्या पैशाची चुकलेली बेरीज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठवलेल्या पैशावरचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण बेरीज चुकली आहे आणि पुढचे सगळे निष्कर्ष त्याच बेरजेवर उभे आहेत. २०२४-२५ मध्ये आलेले सुमारे १३५ अब्ज डॉलर आणि अनिवासी ठेवींचे, म्हणजे परदेशस्थांनी इथल्या बँकांत ठेवलेल्या पैशाचे, सुमारे १६५ अब्ज मिळून 'तीनशे अब्जांची आवक' असे लेखक म्हणतात. १३५ हा एका वर्षाचा ओघ आहे. १६५ ही मार्च २०२५ अखेरची शिल्लक, अनेक वर्षांत साठलेली. हे दोन आकडे एकमेकांत मिळवताच येत नाहीत. शिवाय ठेव हे देशावरचे देणे आहे. ठेवीदाराने मागितले की एनआरई खात्यातली, म्हणजे परदेशातून आलेल्या पैशाच्या अनिवासी रुपया खात्यातली, रक्कम व्याजासकट परत बाहेर जाते. घरखर्चाला आलेला पैसा कुणाला परत द्यायचा नसतो, म्हणून देशाच्या परकीय व्यवहारांच्या ताळेबंदात तो चालू खात्यात धरतात आणि ठेव भांडवली खात्यात.

आता त्या १३५ अब्जांचे. रिझर्व्ह बँकेच्या 'खासगी हस्तांतरण' या सदरात घरखर्चासाठी आलेली रक्कम असते, तशाच वैयक्तिक भेटी व देणग्या असतात, प्रवाशांनी सामानातून आणलेले सोने-चांदी असते, आणि अनिवासी रुपया खात्यांतून इथल्या इथे काढलेली रक्कमही असते. दुबईतल्या मुलाच्या एनआरई खात्यातून बापाने मुखत्यारपत्रावर चिऱ्याचे आणि गवंड्याचे पैसे चुकते केले, की ठेव तेवढी घटते आणि हस्तांतरण तेवढेच वाढते. त्या दिवशी देशात एकही डॉलर येत नाही. तो आधीच आला होता आणि तेव्हा ठेव म्हणून मोजला गेला होता. तुमच्या बेरजेत मात्र तो त्या वर्षाची नवी आवक ठरला.

तिसरा घोळ बँकेच्या काउंटरवर होतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेला हेतूचा संकेतांक लावावा लागतो. कुटुंबाच्या खर्चासाठी पी १३०१, सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी पी ०८०२. पुण्यात घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणाऱ्या मुलीने शाखेच्या विचारणेला उत्तर दिले नाही, तर कर्मचारी सवयीने १३०१ टाकून मोकळा होतो. मग सेवानिर्यात घरखर्चाच्या खात्यात जाते आणि जीएसटी विभागापुढे निर्यात सिद्ध करताना तिच्या हातात चुकीचा कागद उरतो. रक्कम जमा होण्याआधी हेतू लेखी कळवावा आणि परकीय रक्कम मिळाल्याच्या दाखल्यावर तोच संकेतांक आहे का ते पाहावे. नंतर दुरुस्ती करून घेणे फार कटकटीचे असते.

हा पैसा मिळण्यात राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला म्हणून लेखकाला आनंद झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत आपला वाटा २०२०-२१ मध्ये ३५.२ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो २०.५ झाला. केरळचा १०.२ वरून १९.७ वर गेला. माणसे काही तीन वर्षांत इतकी हललेली नाहीत. ही पाहणी बँकांना विचारून होते, घरांना विचारून नाही. केरळात १९९८ पासून दर काही वर्षांनी घरोघरी स्थलांतराची पाहणी होते. तशी रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात झाली तरच या पैशाने इथे काय केले ते कळेल. आज दिसते ते एवढेच: शाखांत ठेवी भरपूर, कर्जवाटप त्या मानाने कमी. आखातातल्या घामाचा पैसा कोकणात जमा होतो आणि कर्ज होऊन दुसरीकडे जातो. खरा लेख यावर हवा होता.

एवढे असूनही हा पैसा नसता तर मोठी अडचण होती हे मान्यच आहे. मालाच्या व्यापारातली जवळपास निम्मी तूट तो भरून काढतो.

जाता जाता आणखी एक तक्रार. अर्थपानावर तुम्ही डॉलरचा संदर्भ दर, म्हणजे बाजारातल्या व्यवहारांवरून रोज काढला जाणारा दर, छापता, आणि वाचक तोच आकडा घेऊन शाखेत भांडायला येतो. बँक तारेने आलेल्या रकमेला आपला खरेदी दर लावते आणि तो नेहमी कमी असतो. संदर्भ दर ८५ आणि खरेदी दर ८४.२० असेल तर हजार डॉलरमागे ८०० रुपये गेले, आणि ते पावतीवर शुल्क म्हणून कुठेच दिसत नाहीत. त्यावर चलन बदलाचा जीएसटी सुमारे १५२ रुपये. पाठवताना सर्व शुल्क प्रेषकाने सोसायचा पर्याय निवडला नसेल, तर मधली बँकही वाटेत आपले कापून घेते. त्या चौकटीखाली 'हा बँकेचा खरेदी दर नाही' एवढी एक ओळ छापायला जागा फार लागत नाही. ती उद्यापासून छापावी आणि बेरजेची दुरुस्ती लेख आला होता त्याच पानावर द्यावी, ही विनंती.

आपला,
परकीय चलन विभागातील निवृत्त बँक अधिकारी, चिपळूण