प्रोसेसर बदलताना ड्रायव्हरकडे पाहा

संपादक महोदय,

नवा संगणक आर्म या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचा घ्यावा की नेहमीच्या इंटेल-एएमडी पद्धतीचा, या प्रश्नाला खरेदीविषयक लेखांतून बहुधा वेग आणि बॅटरी यांच्या तक्त्यांनी उत्तर दिले जाते. ते तक्ते खोटे नसतात. पण एका पद्धतीच्या प्रोसेसरकडून दुसऱ्या पद्धतीकडे जाण्याच्या काळात ग्राहक वेगापाशी क्वचितच अडतो. तो अडतो ड्रायव्हरपाशी, म्हणजे प्रिंटर-स्कॅनरसारखे उपकरण संगणकाला ओळखता आणि चालवता यावे यासाठीच्या छोट्या प्रोग्रॅमपाशी.

जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नव्यावर चालवून घेण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच केलेली असते. ॲपलच्या मॅक संगणकांवर ती रोझेटा २ या नावाने आहे, विंडोज ११ वर प्रिझम या नावाने, आणि दोन्हींचे काम इतके चोख आहे की पुष्कळांना त्यांचे अस्तित्व जाणवतही नाही. मात्र ही सोय सामान्य प्रोग्रॅमपुरतीच असते. सिस्टिमच्या गाभ्यात शिरणारा ड्रायव्हर नव्या प्रोसेसरसाठी स्वतंत्रपणे तयार केलेलाच लागतो. त्यामुळे होते असे, की जुन्या स्कॅनरचा प्रोग्रॅम विनातक्रार इन्स्टॉल होतो, उघडतो, सगळी बटणे जागच्या जागी दिसतात आणि उपकरणांच्या यादीत स्कॅनरच नसतो. केबल बदला, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, काही साधत नाही, कारण मुळात बिघाड कशातच नसतो. ज्या मॉडेलची विक्रीच उत्पादकाने थांबवली आहे, त्यासाठी तो नवा ड्रायव्हर काढील अशी आशा धरण्यात फारसा अर्थ नाही.

अशा वेळी जुन्या पद्धतीचाच संगणक घ्यावा, हा सल्ला विंडोजच्या बाबतीत आजही रास्त आहे, कारण तेथे दोन्ही पद्धतींचे संगणक शेजारी शेजारी विकले जात आहेत. ॲपलची गोष्ट निराळी. तेथे चिप कोणती आणि ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हे एकच कंपनी ठरवते, आणि एकदा ठरले की मागे वळून पाहत नाही. पॉवरपीसी हा तेव्हाचा प्रोसेसर सोडून इंटेलकडे वळण्याची घोषणा २००५ मध्ये झाली आणि मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची २००९ ची आवृत्ती, स्नो लेपर्ड, पॉवरपीसीवर चाललीच नाही. पॉवरपीसीचे प्रोग्रॅम इंटेलवर चालवणारी पहिली रोझेटादेखील २०११ च्या लायन या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. २०२० मध्ये इंटेल सोडून आर्म पद्धतीच्या स्वतःच्या चिपकडे वळण्याची घोषणा झाल्यानंतरही इंटेल प्रोसेसरची मॅक मिनी जानेवारी २०२३ पर्यंत विक्रीस होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टाहो ही आवृत्ती तिच्यावर चालत नाही. सुरक्षेचे अपडेट त्यानंतरही काही काळ मिळतात, हे मान्य. तरी विक्रीच्या अखेरीस ती घेणाऱ्याला नव्या आवृत्त्या तीन वर्षेही मिळाल्या नाहीत. (रोझेटा २ ची पूर्ण सोयही मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम मॅकओएस हिच्या २७ व्या आवृत्तीपर्यंतच राहील, असे कंपनीने जाहीर केले आहे.)

तेव्हा प्रोसेसर कोणत्या पद्धतीचा आहे आणि त्याला नव्या आवृत्त्या निदान कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, या दोन गोष्टी खोक्यावर ठळक छापण्याचे बंधन उत्पादकांवर असावे, असे मला वाटते. आज विंडोजवर प्रोसेसरची पद्धत सेटिंग्जच्या अबाउट पानावर ‘सिस्टिम टाइप’ या ओळीत सापडते, म्हणजे पैसे मोजून संगणक घरी आणल्यावर. आपल्या पत्रातील खरेदीविषयक लेखांनीही वेगाच्या तक्त्याआधी वाचकाला त्याच्या प्रिंटर-स्कॅनरचे मॉडेल पाहून आर्मसाठीचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे तपासायला सांगावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक