मासे वाचवायला आरसीसीबी काढू नका

संपादक महोदय,

आरसीसीबी म्हणजे विजेची गळती झाली की लाईन तोडून माणसाचा जीव वाचवणारा स्विच, आणि समुद्री फिशटँकवाले तो मासे वाचवायला काढून टाकतात, त्याबद्दल हे पत्र. पेपरात घरसजावटीच्या पानावर अशा समुद्री फिशटँकचे फोटो मधूनमधून येतात. निळा लाईट, कोरल, क्लाऊनफिश, एकदम झकास. पण त्या टाकीखालचं कपाट उघडून कुणी फोटो काढत नाही. तिथे काय असतं ते सांगतो, एक एक्स्टेंशन बोर्ड, त्यात खुपसलेला अजून एक बोर्ड, आणि त्यावर पाणी परत वर टाकीत चढवणारा रिटर्न पंप, पाण्यातली घाण काढणारा स्किमर, हीटर, पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर, लाईट, कमी झालेलं पाणी भरणारा छोटा पंप, कधी पाणी थंड करणारा चिलर पण, आणि हे सगळं संपच्या, म्हणजे कपाटातल्या खालच्या टाकीच्या, पाण्याला अगदी खेटून. गोड्या पाण्याची टाकी एक फिल्टर आणि एक लाईट यावर चालून जाते, समुद्री टाकीचं तसं नाही.

आता पाण्याचं बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते नळाच्या पाण्यापेक्षा शंभर पटीच्या आसपास जास्त सहज वीज वाहून नेतं. हीटरची काच तडकली किंवा जुन्या पंपाचं सील गेलं की फेज थेट पाण्यात. आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे, लोक म्हणतात मासे मस्त पोहतायत म्हणजे पाण्यात करंट नाही. अहो, टाकी काचेची, ती कुठे जमिनीला जोडलेली नसते, तेव्हा करंटला बाहेर जायला वाटच नाही, तारेवर बसलेल्या चिमणीसारखे मासे मजेत असतात. वाट तयार होते ती तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात आत घालता तेव्हा.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आमच्याकडे एमसीबी, म्हणजे मेनबोर्डातला जास्त करंटला तुटणारा स्विच आहे, काही झालं तर पडेल, म्हणजे आपोआप बंद होईल. नाही पडणार. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलीअँपियर जातील. १० मिलीअँपियरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही, त्याच्या थोडं वर गेलं की हृदयाची लय बिघडायचा धोका सुरू होतो. आणि एमसीबी तुमचा ६ अँपियरचा म्हणजे ६००० मिलीअँपियरचा. माणूस जाईल तरी तो जागचा हलणार नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला एवढंच तो बघत बसतो, मधे कुठे गळती झाली आणि फरक ३० मिलीअँपियरपर्यंत गेला की लाईन तोडतो, १५० ची गळती असेल तर ४० मिलीसेकंदात. काही देशांत तर ५ मिलीअँपियरलाच तुटणारं वापरतात. शॉक अजिबात बसणार नाही असं नाही हां, बसेल, पण जीव घेण्याआधी तुटेल. आणि एका हाताला फेज न् दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागलं तर आरसीसीबीला काही कळणार नाही, हे पण लक्षात असू द्या. मेनबोर्डात आरसीसीबी आहे म्हणून निवांत बसलेल्यांनी त्याच्यावरचा आकडा एकदा वाचावा, १०० किंवा ३०० मिलीअँपियर लिहिलेला असेल तर तो आगीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

आता खरं दुखणं. हे सगळं माहीत असलेले जुने जाणते मरीनवाले, म्हणजे समुद्री टाकीवाले सुद्धा आरसीसीबी काढून टाकतात. का, तर घरी कुणी नसताना तो पडतो, पंप बंद, पाणी हलत नाही, ऑक्सिजन संपतो आणि परत येईपर्यंत टाकीत सगळे मेलेले. वर्षानुवर्षं जपलेलं कोरल असं एका रात्रीत गेलं की माणूस चिडणारच, ते मी समजू शकतो. पण म्हणून संरक्षणच काढून टाकायचं हे मला अजिबात पटत नाही, कारण मासे की माणूस असा प्रश्नच इथे नाहीये. एका ऐवजी दोन आरसीसीबी बसवा, विषय संपला. रिटर्न पंप एकावर, वेव्हमेकर दुसऱ्यावर, आणि एक मोठा हीटर लावण्यापेक्षा दोन छोटे लावून तेही वाटून टाका, एक पडला तरी दुसऱ्यावर पाणी हलत राहतं. लाईट गेल्यावर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअरपंप मिळतो तो पण लावून ठेवा. दोन आरसीसीबींचा अजून एक फायदा, प्रत्येक उपकरणाची थोडीथोडी गळती असतेच, दहा उपकरणं एकावर टाकली की ती बेरीज होऊन तो उगाच पडतो, वाटून दिल्यावर ते कमी होतं. आणि "उगाच" म्हणण्याआधी एकेक प्लग काढून बघा, बऱ्याचदा एखादा म्हातारा पंप खरंच गळत असतो. इन्व्हर्टर असेल तर आरसीसीबी त्याच्या पुढे, टाकीच्या बाजूला पाहिजे, नाहीतर बॅटरीवर चालताना त्याचा उपयोग शून्य.

मल्टीमीटरवाल्यांसाठी एक. पाण्यात एक वायर आणि अर्थिंगला दुसरी लावली की मीटर ३०-४० व्होल्ट दाखवतो आणि लोक घाबरून चांगला पंप फेकून देतात. पंपाच्या कॉइलमुळे असं नुसतं व्होल्टेज दिसू शकतं, त्यामागे करंट नावालाच असतो. ते नक्की काय आहे हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. टायटॅनियमचा अर्थिंग प्रोब, म्हणजे पाण्याला अर्थिंगशी जोडणारी कांडी, पाण्यात सोडावा की नाही यावर तर मरीनवाल्यांत कायम भांडण. माझं मत, आरसीसीबी असेल आणि घराचं अर्थिंग खरंच जोडलेलं असेल तर जरूर लावा, कारण मग गळती सुरू झाल्या झाल्या लाईन तुटते, तुमचा हात आत जायची वाट बघत नाही. आरसीसीबी नसेल तर नको, कारण मग गळती गुपचूप चालू राहते आणि वर फेज उतरलेल्या लाईटच्या पत्र्याला तुमचा दुसरा हात लागला तर पाण्यातल्या हाताला जमिनीची पक्की वाट तयारच.

आणि मीठ. ते पाण्यात राहत नाही, वायरीवरून, पाईपवरून पांढरं पांढरं चढत जातं, दमट हवेत ओल धरतं आणि प्लगच्या पिनांपर्यंत पोचलं की तिथे हळूहळू काळं पडून पेटू पण शकतं. बोर्ड टाकीखालच्या कपाटात नकोच, शेजारच्या भिंतीवर उंच पाहिजे, आणि प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची म्हणजे ओघळ झोळातून खाली टपकतो. जमिनीवर ठेवलेला बोर्ड तर सगळ्यात वाईट. लाईट गेली की वरचं पाणी रिटर्नच्या पाईपातून उलटं संपमध्ये उतरतं, संप काठोकाठ भरलेला असेल तर ते फरशीवर येतं, आणि मग लाईट परत येते.

पाणी बदलताना हीटर आधी बंद करून पंधराएक मिनिटं थांबायचं, गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच जाते. कुणाला शॉक लागलाच तर त्याला धरायचं नाही, आधी मेन बंद.

शेवटचं सांगणं टाकी साफ करायला येणाऱ्या माणसाबद्दल. तो दिवसभर वेगवेगळ्या घरी, दुसऱ्याने केलेल्या वायरिंगवर विसंबून कोपरापर्यंत हात घालतो. त्याने आल्यावर आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबावं, पडत नसेल तर टाकीला हातच लावू नये, पडला तर काम होईपर्यंत बंदच ठेवावा. बंद केल्याने लाईटचा टायमर रीसेट होतो म्हणून घरमालक कुरकुरतात. होऊ दे की रीसेट, नंतर परत लावता येतो.

आपला,
एक मरीन टँकवाला वाचक