गाऱ्हाणं ऐकणारा

क्योतो, जपान

प्रिय ताई,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "बुद्धानं देवाचं नाव काढलं नाही, मग तिथल्या देवळांत मूर्ती कुणाच्या?" तेव्हा मी नुसतं हं हं केलं. रविवारी इथल्या सांजूसांगेंदोला जाऊन आलो. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून लिहितो.

१२० मीटर लांब लाकडी देऊळ, आणि त्यात एकाच बोधिसत्त्वाच्या, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरल्या एकाच्या, १००१ मूर्ती! मधे एक बसलेली, दोन्ही अंगांना पाचपाचशे उभ्या. १२४९ च्या आगीतून १२४ वाचल्या, बाकीच्या पुन्हा घडवल्या. प्रत्येकीला ४२ हात. जोडलेले दोन सोडून उरले ४०. एकेक हात २५ जगं तारतो, म्हणून हात हजार धरायचे. बाबा असते तर हा हिशेब दोनदा तपासला असता. त्यांच्या पुढे उभ्या रक्षकमूर्तींत करुरा म्हणजे गरुड, नाराएन म्हणजे नारायण. परमुलखात गाववाले भेटल्यासारखं वाटलं.

या बोधिसत्त्वाला इथं कान्नोन म्हणतात. आपला अवलोकितेश्वर तो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला कमळ धरलेला पद्मपाणीही तोच. दुसऱ्यांची दुःखं सरेपर्यंत स्वतःचं निर्वाण लांबवणारा. चीनमध्ये तो हळूहळू बाईच्या रूपात पुजला जाऊ लागला. इथं बाई की बुवा ते बघून कळत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

खरी गंमत नावात आहे. काही जुन्या पोथ्यांत 'अवलोकितस्वर' असं सापडतं, आणि कान्नोन म्हणजेही आवाज न्याहाळणारा. आवाज बघायचा कसा, ते मला विचारू नकोस. मला मात्र आपला रवळनाथ आठवला. गावकर गाऱ्हाणं घालतो, आपण मागून "व्हय म्हाराजा" म्हणतो. फरक एवढाच, की आपल्याकडे नारळ लागतो, कौल लागतो. इथं पोथी म्हणते, आगीत सापडा, पुरात सापडा, नुसती नावानं हाक मारा. आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, सिंह, साप अशी संकटं कोरलीत. बुडतं गलबतही आहे, केरीच्या काकांना सांग.

म्हापशाला जाताना कोलवाळचा पूल लागतो ना? तिथल्या मुशीरला इतिहाससंशोधक फादर हेरास यांना बुद्धमूर्ती मिळाली होती. ती आता मुंबईला झेवियर्स कॉलेजात आहे. इतकी वर्षं त्या पुलावरून गेलो, मला ठाऊकच नव्हतं.

आई पेडण्याला परतली का? गुडघ्याचं विचारलं की फोनवर "बरा आहे" म्हणते. तू खरं काय ते लिही.

तुझा,
बाळू