पोस्टेजचा आकडा आधी लिही

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकांचा टपाल तिकिटांचा संग्रह ऑनलाइन लिलावात विकायला काढतो आहेस हे वाचून गलबलून आलं. पण कपाटात कसर लागण्यापेक्षा जो जपेल त्याच्या अल्बमात गेलेला बरा, हे तुझं म्हणणं मला पटलं. बोली कशी चालते, फोटो कसे टाकायचे हे तू चार दिवसांत शिकशील. शेवटी तू जे जाता जाता विचारलं आहेस, की पोस्टेज, म्हणजे टपालखर्च, लॉटच्या (लिलावाला एकत्र लावलेल्या मालाच्या) किमतीतच धरू की वेगळं लावू, तो मात्र कळीचा प्रश्न आहे. छोट्या विक्रेत्याच्या हाती काही उरतं की नाही ते तिथेच ठरतं.

माझं मत विचारशील तर वेगळं लाव, लागेल तेवढंच लाव, आणि पहिली बोली यायच्या आत आकडा लिहून ठेव.

ठरलेल्या किमतीला वस्तू विकणारा 'घरपोच मोफत' म्हणू शकतो, कारण पोस्टेज त्याने किमतीत आधीच मिसळलेलं असतं. लिलावात किंमत आपल्या हातात नसते. चाळीस रुपयांपासून ठेवलेला लॉट एकाच बोलीवर सुटला आणि पोस्टेज तुझ्याकडे असलं, तर पदरचे पैसे घालून तिकीट द्यावं लागेल. पूर्वी हे इतकं टोचत नसे. रजिस्टर पोस्टाने छोटं पाकीट सव्वीस-एक रुपयांत जायचं. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि 1 ऑक्टोबरपासून नवे दर आले. आता 50 ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात 19 रुपये, बाहेरगावी 47, आणि वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे सांगलीहून नागपूरला एक तिकीट पाठवायचं तरी साडेपंचावन्न रुपये झाले. वीस-तीस रुपयांची तिकिटं हौसेने विकणाऱ्यांची यात फार ओढाताण झाली आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. शाळकरी पोरं अशाच स्वस्त लॉटांवर संग्रह सुरू करतात.

म्हणून सुटी तिकिटं एकेक करून लावू नकोस. विषयवार गठ्ठे कर: पक्षी, रेल्वे, स्वातंत्र्यसैनिक. आणि गिऱ्हाइकाला सरळ सांग, की महिनाभरात जेवढे लॉट घेशील तेवढे बाजूला ठेवीन आणि एकाच पाकिटात, एकाच पोस्टेजमध्ये पाठवीन. याने लोक जास्त बोली लावतात. एकदा पोस्टेज द्यायचंच आहे तर आणखी एक लॉट घेऊ, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो बरोबरच असतो. फक्त कोणाचे कोणते लॉट ठेवलेत त्याची वही लिही आणि पैसे लॉटागणिक लगेच घे.

वजनाकडे लक्ष दे. तिकीट ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत पातळ कागदाच्या पाकिटात, ते स्टॉककार्डात (तिकिटं खोचायच्या पट्ट्या असलेल्या कार्डात), कार्डाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या कडांना टेप. टेप कधीही ग्लासीनला लावायची नाही. वजन खातं ते पुठ्ठा. वह्यांच्या पाठीचा जाड पुठ्ठा घेतलास तर पाकीट 50 ग्रॅमच्या वर जातं आणि तिथून बाहेरगावचा दर अंतराप्रमाणे 59 ते 77 होतो, जीएसटी वेगळा. बुशशर्टाच्या घडीत असतो तो पातळ पुठ्ठा दुहेरी लाव, तेवढाच ताठ राहतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून ठेव आणि फोटो काढतानाच वजन करून लॉटच्या वर्णनात पोस्टेज लिही.

काकांचे जाड अल्बम कुरिअरने पाठवायचे झाले तर खोकं बेताचंच घे. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात आणि येईल ते किलोतलं वजन धरतात. 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्याचं तीन किलो होतं, आत अल्बम एक किलोचा का असेना.

आता कमिशन. संग्राहकांच्या ऑनलाइन ग्रुपवरच्या लिलावात काही ठिकाणी अॅडमिन टक्केवारी घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. वेबसाइटवर मात्र कमिशन असतंच, आणि ते पोस्टेजसकट एकूण रकमेवर आहे का हे आधी वाच. समज, 10 टक्के आहे, लॉट 300 ला गेला आणि पोस्टेज 60. तर कापले जातील 36, तीस नव्हे. ते वरचे सहा रुपये पोस्टेजमध्ये चढवू नकोस, सुरुवातीच्या किमतीत धर. पोस्टेजवरही कमिशन घ्यायची पद्धत का आली तेही सांगतो. ईबे या अमेरिकी लिलावाच्या वेबसाइटवर कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर होतं, तेव्हा काही विक्रेते वस्तू एका सेंटला लावून शिपिंगचे भरमसाट डॉलर घ्यायचे. अखेर 2011 मध्ये ईबेने अमेरिकेत शिपिंगवरही कमिशन लावलं. चलाखी काहींनी केली, भुर्दंड सगळ्यांना बसला.

तुला कोणीतरी सांगेलच, की किंमत कमी दाखवून पोस्टेज जास्त लावलं की बोली वाढते. ते अगदीच खोटं नाही. हुसैन आणि मॉर्गन या दोन अर्थतज्ज्ञांनी ईबेवर सीडी आणि व्हिडिओ गेम लिलावात लावून हे तपासलं होतं. त्यांचा 2006 चा निबंध सांगतो, की स्वस्त वस्तूंना सुरुवातीची किंमत कमी आणि शिपिंग जास्त ठेवल्यावर एकूण पैसे बऱ्याचदा जास्त आले. शिपिंग वस्तूच्या मानाने फार झालं तेव्हा तो फायदा राहिला नाही. पण तिथे गिऱ्हाईक अनोळखी. आपल्याकडे तिकिटं घेणारे तेच ते लोक, प्रदर्शनात भेटणारे, एकमेकांना फोन करणारे. पाकिटावर 55 रुपयांची पावती आणि घेतले 90, हे त्यांना दिसतं. पॅकिंगचे दहा-पंधरा रुपये लागत असतील तर 'पॅकिंग' म्हणूनच वेगळे लिही, कोणी हरकत घेत नाही.

1948 चा गांधीजींचा संच, त्यातलं दहा रुपयांचं तिकीट, घाईने लावू नकोस. त्याची बनावट तिकिटं बाजारात खूप आहेत, आधी जाणकाराला दाखव. विकलं गेलं तर विम्याचा खर्च कोणाकडे ते आधी ठरव; माझ्या मते घेणाऱ्याकडे. कॅश ऑन डिलिव्हरी कशालाच ठेवू नकोस, पाकीट परत आलं तर जाण्यायेण्याचा खर्च तुझ्याच माथी येतो. महाराष्ट्राबाहेर विकण्याआधी जीएसटीचं तुमच्या सीएंना विचारून घे.

पहिल्या दहा लॉटांचे फोटो आणि वजनं मला पाठव, सुरुवातीच्या किमती आपण फोनवर मिळून ठरवू. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच,
जुना मित्र